नाईट गार्ड: काही महिने वापरल्यानंतर

मऊ नाईट गार्ड अखेर मागच्या दाढेखाली आरपार फाटला. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचा हा प्रकार झोपेत दात खाणाऱ्याच्या तोंडात फार टिकत नाही. तरी स्वस्त म्हणून तोच घेतला जातो, मग दुसरा, मग तिसरा, आणि कडक ॲक्रिलिकच्या गार्डचे पैसे हप्त्याहप्त्याने इथेच जातात. फाटण्याबद्दल तक्रार नाही. दाढेऐवजी गार्ड झिजला तर बरंच. तक्रार आहे ती दात टेकण्याची.

गार्ड लावून तोंड मिटलं की दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी, सारख्या जोराने टेकायला हव्यात. एकच दाढ आधी टेकली तर जबडा ती चुकवायला सरकतो, गालाचा आणि कानशिलाचा स्नायू रात्रभर आवळलेला राहतो आणि सकाळी कानापुढे ठणका. मऊ गार्डमध्ये हे नीट दुरुस्त होत नाही, कारण मऊ पदार्थ डॉक्टरांच्या घासण्याच्या यंत्राखाली कापला न जाता ओढला जातो. शिवाय तोंडात च्युइंगम असल्यासारखं काही जण त्यावर जास्तच चावतात.

म्हणून साच्यावर बनवलेला, एका जबड्याचे सगळे दात झाकणारा कडक गार्ड. जाडी दाढांपाशी साधारण 2 ते 3 मिमी. बसवताना डॉक्टर निळा कागद चावायला देतात. दात टेकतात तिथे गार्डवर ठिपके उमटतात; ते सगळीकडे सारखे उमटले तर ठीक. एक गडद आणि बाकीचे फिके असतील तर गडद ठिपका घासायचा आणि पुन्हा कागद. जबडा बाजूला सरकवताना सुळ्यापाशीच रेघ उमटावी, दाढांवर नको. झोपवून तपासलं तसं ताठ बसवूनही तपासायला सांगावं. एवढं होऊनही पहिल्या दिवशी काम संपत नाही: स्नायू सैल पडले की जबडा थोड्या वेगळ्या जागी मिटतो, म्हणून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कागद, पुन्हा घासणं. "होईल सवय" असं ऐकू आलं तर खुर्चीतून उठू नये. गार्डच्या किमतीतला मोठा वाटा या घासण्याचाच असतो, तो वसूल करावा.

फक्त पुढच्या दातांवर बसणारा छोटा गार्ड बरेच महिने वापरायला घेऊ नये. मोकळ्या राहिलेल्या दाढा हळूहळू हिरडीतून आणखी बाहेर येतात आणि समोरचे दात मिटेनासे होतात. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. गरम पाण्याने आकार बिघडतो.

सुरुवातीला आराम पडला की सगळं श्रेय गार्डला द्यावंसं वाटतं. आता ते मत बरंच खाली आलं आहे. गार्ड दात वाचवतो. दात खाणं थांबवतोच असं नाही. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या 2023 च्या मार्गदर्शिकेतही जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी भर आहे तो देखरेखीखालच्या व्यायामावर आणि वर्तनोपचारावर. दुखण्यात दिवसा दात आवळण्याचा वाटा मोठा, आणि दिवसा गार्ड तोंडात नसतोच. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पटाशीच्या दातांमागे: स्क्रीनपुढे बसल्यावर हे दर तासाला तपासावं. व्यायाम एवढाच: जीभ टाळूला लावून, ती सुटणार नाही इतपत तोंड हळू उघडायचं, आरशात हनुवटी सरळ खाली येते का पाहत, 6 वेळा, दिवसातून 6 खेपा. आधी 10-15 मिनिटं कोमट शेक.

जबड्याच्या आवाजाचं म्हणाल तर, कानापुढच्या जबड्याच्या सांध्यातली चकती बहुधा पुढे घसरलेली असते आणि तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं, ती ही "कट्ट". दुखत नसेल तर तिच्यावर एक पैसाही घालवू नये. मात्र कट्ट अचानक बंद होऊन उघड्या तोंडात तीन बोटांऐवजी दोनच बोटं मावू लागली, तर चकती पुढेच अडकली आहे. तेव्हा गार्ड घालून वाट पाहत बसू नये. लवकर दाखवलं तर हाताने जबडा मोकळा करणं किंवा सुयांनी सांधा धुणं यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. सांध्यासाठी खरे दातच यंत्राने घासून कमी करायचा सल्ला मिळाला तर सरळ नाही म्हणावं, घासलेलं इनॅमल परत येत नाही.

नवीन फिलिंग किंवा कॅप करायला जाताना गार्ड सोबत न्यावा, नाहीतर त्या रात्री तो बसत नाही. तडा गेला तर घरच्या डिंकाने जोडू नये. लॅब ॲक्रिलिक भरून देते, नव्यापेक्षा बरंच कमी पैशांत.