डब्याची तयारी: रविवारी एकदम की रोज रात्री थोडी?

सकाळी सातला डबा भरायचा तर निवडणं-सोलणं आधीच उरकलेलं बरं. प्रश्न इतकाच, कधी?

रविवारी दोन तास घातले की लसूण सोलून डब्यात, नारळ खवून फ्रीजरमध्ये, चिंचेचा कोळ बाटलीत. आठवडाभर चिंता नाही. पालेभाजी मात्र इतकी सोशिक नसते. मेथी न धुता, कोरडी, कागदात गुंडाळून ठेवली तरी तीन-चार दिवसांत पिवळी पडू लागते. चिरलेली त्याहून लवकर. कणीकही दुसऱ्या दिवशी काळपट होते. शिवाय सुट्टी ओट्याशीच गेली, ही चिडचिड वेगळीच!

रात्रीच्या पद्धतीत भांडी आवरता आवरता वीसेक मिनिटं जातात. मटकीला तर हाच मार्ग: सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा, उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड हजर. थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. पण उशिरा घरी येणाऱ्यांचं हे गणित बुधवारीच कोलमडतं आणि डब्यात पुन्हा बटाट्याच्या काचऱ्या.

माझा कौल: टिकाऊ ते रविवारी, पालेभाज्या नि कडधान्यं रात्री. आणि निवडायला सगळ्यांना बसवा. टीव्ही बघताना हात रिकामेच असतात.