लिनक्ससाठी वायफाय डोंगल: रिअलटेक की मीडियाटेक?

डोंगलच्या खोक्यावर वेग मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आत चिप कुठल्या कंपनीची, रिअलटेकची, मीडियाटेकची की आणखी कुणाची, ते कुठेच नसतं. लिनक्सला मात्र चिपशीच मतलब. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनचंच बघा: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१, दुसरीपासून रिअलटेकची चिप. नाव तेच, पण पहिला डोंगल खोचला की चालायचा, दुसऱ्यासाठी ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) शोधत फिरावं लागायचं.

स्वस्तात आणि सहज मिळणारे बरेचसे डोंगल रिअलटेकचे. आरटीएल८८१२एयू, आरटीएल८८२१सीयू ही नेहमीची मंडळी. यांचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर होते. म्हणजे गिटहबवरून कोड उतरवा, कर्नेलचे हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फायली) टाका, डीकेएमएस या साधनाकडून मॉड्यूल (कर्नेलला जोडायचा ड्रायव्हर) बांधून घ्या, आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू असेल तर त्यावर सही करून किल्ली नोंदवा. हे एकदाच करायचं असतं तर कुरकुर न करता केलं असतं. पण कर्नेल अपडेट होतो, जुना कोड नव्यावर कंपाइल होत नाही आणि वायफाय जातं. दुरुस्ती उतरवायला इंटरनेट हवं, आणि ते तर त्याच डोंगलवर!

त्यात काही डोंगल आधी सीडी-ड्राइव्हचं सोंग घेतात, पोटात विंडोजचा ड्रायव्हर घेऊन. एलएसयूएसबी या आज्ञेने येणाऱ्या यूएसबी उपकरणांच्या यादीत ०बीडीए:१ए२बी दिसलं की ओळखायचं. यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्राम चालवला की खरं रूप बाहेर येतं.

तरी रिअलटेकला सरसकट नाव ठेवण्याचे दिवस गेले. फेब्रुवारी २०२३ मधल्या ६.२ कर्नेलपासून ८८२१सीयू आणि ८८२२बीयू यांचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे. ८८१२एयूची पाळी २०२५ मध्ये आली. त्यामुळे तोच ८८२१सीयू उबुंटू २४.०४ वर (कर्नेल ६.८) बाहेरच्या ड्रायव्हरविना चालू शकतो आणि डेबियन १२ वर (६.१) अडतो. असा डोंगल घरात पडलेला असेल तर नवा घेण्याआधी आपला कर्नेल कितवा आहे ते बघा.

नवा घ्यायचाच असेल तर मी मीडियाटेककडे झुकेन. एमटी७६१२यू वायफाय ५ ची चिप आहे, तिचा ड्रायव्हर ऑक्टोबर २०१८ च्या ४.१९ पासून कर्नेलमध्ये आहे. वायफाय ६ हवं असेल तर एमटी७९२१एयू, ५.१८ पासून (मे २०२२). फर्मवेअर (चिपमध्ये चढवायचा प्रोग्राम) लागतं, पण ते डिस्ट्रोच्या (उबुंटू, डेबियन वगैरेंच्या) पॅकेजातून येतं. कर्नेल बदलला तरी ड्रायव्हर त्याच्याबरोबरच येतो, आणि जास्तीचे पैसे मी त्याचेच मोजेन. हे डोंगल शोधावे मात्र लागतात, आणि नखाएवढ्या आकारात सहसा मिळत नाहीत. यूएसबी ३ च्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झला त्रास देतो, म्हणून हातभर एक्स्टेंशन केबलही घ्या.

जुना एआर९२७१ हाताशी असेल तर ठेवा. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, कागदावर १५० एमबीपीएस, पण त्रास शून्य.

आणि निर्णय होईपर्यंत अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने संगणकाला देणं) चालू करा. फोन वायफायवर असला तरी बहुतेक वेळा तेच नेट संगणकाला मिळतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. रिअलटेकचा कोड उतरवायलाही हाच मार्ग.