मोटरहोमसाठी टीपीएमएस (टायरमधल्या हवेचा दाब सांगणारी यंत्रणा): व्हॉल्व्हवरचा सेन्सर की टायरच्या आतला?

व्हॉल्व्हवरचा सेन्सर झाकणासारखा फिरवून बसतो. सहा चाकं अर्ध्या तासात होतात. बॅटरी संपली की घरीच बदलता येते. पण खरी मेख व्हॉल्व्हमध्ये आहे. रबरी व्हॉल्व्हवर हे वजन चढलं की वेगात तो बाहेरच्या बाजूला वाकतो, मुळाशी चिरतो आणि हवा सुटते. म्हणून आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवा. सेन्सर लावल्यावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का, तेही बघा. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरला व्हॉल्व्ह बाहेरपर्यंत आणणारं एक्स्टेंशन लागतं. ते रबरी नळीचं नको, धातूचंच हवं आणि घट्ट बांधलेलं.

आतला सेन्सर रिमवर असल्याने चोरीला जात नाही आणि तापमान जास्त खरं दाखवतो. बसवायला मात्र टायर उतरवून पुन्हा बॅलन्सिंग करावं लागतं. बॅटरी सीलबंद, त्यामुळे ती संपली की अख्खा सेन्सर बदला. नवे टायर घालतानाच तो बसवणं परवडतं.

आत्ताचे टायर अजून चांगले असतील तर धातूच्या व्हॉल्व्हसह बाहेरचाच घ्यावा. लांब गाडीला रिपीटर (सेन्सरचा सिग्नल पुढे पोहोचवणारं उपकरण) लावा. इशाऱ्याचा आकडा सकाळी, थंड टायरवर ठरवा: दाब ८० पीएसआय असेल तर खालचा इशारा ७० ते ७२ वर.