सीएनजी की एलएनजी? गॅस तोच, भानगड वेगळी

लोकांना वाटतं सीएनजी (दाबलेला नैसर्गिक वायू) आणि एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) हे दोन वेगळे गॅस आहेत, पण दोन्हीकडे मुख्यतः मिथेनच. सीएनजी म्हणजे तो दाबून दाबून २०० बारला सिलिंडरमध्ये कोंबलेला, म्हणून तर पंपावर सगळ्यांना रिक्षातून खाली उतरवतात. एलएनजीत दाब फार नसतो, तिथे खेळ थंडीचा, उणे १६२ अंश सेल्सिअसला गॅसचा पाण्यासारखा द्रव होतो आणि साध्या, न दाबलेल्या गॅसपेक्षा जागा जवळपास ६०० पट कमी लागते, त्यामुळे जहाजाने आणायचा तर हाच, आपल्या दाभोळला येतो तो असाच. तिथे ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अर्धवट राहिल्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजं लागतच नव्हती, हा वेगळाच वैताग.

आता साठवणीचं बघा. सीएनजीची गाडी महिनाभर उभी ठेवा, गॅस तसाच. एलएनजीची टाकी म्हणजे मोठा थर्मासच, दोन भिंती, मधे व्हॅक्यूम, तरी उष्णता आत शिरतेच आणि थोडा थोडा गॅस उकळत राहतो, दाब वाढला की व्हॉल्व्हमधून बाहेर. म्हणजे गाडी नियमित पळायला हवी, फार दिवस उभी नको. भरताना पाइपवर पांढरं बर्फ धरतं, हातमोजे अन् तोंडावर शील्ड नसेल तर कातडी भाजल्यासारखी जाते. आणि वास नाही हं! सीएनजीला मुद्दाम घालतात तो वास एवढ्या थंडीत गोठेल, म्हणून इथे डिटेक्टरवरच भरोसा.

रिक्षा-टॅक्सीला सीएनजीच बरा, मुंबई-दिल्ली ट्रक मात्र सतत पळतो अन् त्याला कमी जागेत जास्त गॅस हवा, तिथे मी एलएनजीच म्हणेन.