स्ट्रीटमिक्स: रुंदीवर भांडायला उत्तम, जमिनीखाली मात्र गप्प

रस्त्यात कशाला किती रुंदी द्यायची ते पडद्यावर मांडून बघायचं हे साधन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, नाव नोंदवल्याशिवाय वापरता येतं आणि सभेत आवाज चढवणाऱ्या माणसाला बघता बघता सेंटिमीटरवर आणतं. एवढ्यासाठी मी स्ट्रीटमिक्सला पाचपैकी चार तारे देते. पाचवा का राखून ठेवला ते जमिनीखालचं प्रकरण आहे, त्याकडे येते.

मी कोण, तर रस्त्यांचे आडवे छेद, म्हणजे रस्ता आडवा कापला तर समोरून कसा दिसेल ती चित्रं, काढण्यात नोकरी घालवलेली ड्राफ्ट्समन. ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, रेघ चुकली की ब्लेडनं अलगद खरवडायचं. मग संगणक आला आणि खरवडणं संपलं. निवृत्तीनंतर वस्तीच्या रस्ता समितीत ओढली गेले. तिथं कळलं की मी जन्मभर जे काढत होते ते सामान्य माणसाला वाचताच येत नाही. वरून काढलेला नकाशा लोक वाचतात, बोट फिरवत आपलं घर शोधतात. आडवा छेद समोर ठेवला की विचारतात, ‘ताई, ही भिंत कसली?’

ही अडचण या साधनानं जवळपास संपवली आहे. पडद्यावर दोन बाजूंना इमारती, मध्ये रस्ता आणि रस्त्यावर उभ्या पट्ट्यांसारखे तुकडे: फूटपाथ, सायकल मार्गिका, बस मार्गिका, पार्किंग, झाडांची पट्टी, बाक, दिव्याचा खांब. खालच्या पेटीतून तुकडा उचलायचा, हवा तिथं सोडायचा, नको असेल तर ओढून बाहेर टाकायचा. प्रत्येक तुकड्याखाली त्याची रुंदी लिहिलेली असते आणि ती कमीजास्त करता येते. फूटपाथवर चित्रातली माणसं आपोआप चालायला लागतात. ती बघून लोकांना लगेच उमजतं की आपण रस्त्याच्या मधोमध उभं राहून समोर बघतोय. ‘भिंत कसली’ हा प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही.

याचा जन्म 2013 साली अमेरिकेत, कोड फॉर अमेरिका या संस्थेच्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे झटपट सॉफ्टवेअर बनवायच्या मेळाव्यात झाला. कल्पना आली ती कागदी तुकड्यांवरून. तिकडे नागरिकांच्या सभांमध्ये रस्त्याच्या भागांची कागदी कात्रणं वाटायचे आणि लोक ती जुळवून आपला रस्ता मांडायचे. सभा संपली की कात्रणं गोळा, मांडणी गायब. स्ट्रीटमिक्समध्ये मांडणीची लिंक राहते. दुसऱ्यानं ती उघडून काही हलवलं की त्याची वेगळी प्रत तयार होते, तुमची तशीच राहते. हे वाटतं त्याहून मोठं आहे. समितीत निम्मी भांडणं ‘माझं चित्र कुणी बदललं?’ यावर होतात.

पण खरी करामत बेरजेची आहे. रस्त्याची एकूण रुंदी तुम्ही एकदा ठरवता. मग तुकडे तिच्याहून जास्त झाले की साधन लाल होऊन सांगतं, मावत नाही. कमी पडले तर किती जागा शिल्लक आहे तेही दाखवतं. प्रवचन नाही, धोरण नाही, फक्त बेरीज. आणि रस्त्याच्या प्रश्नात सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं ते बेरजेबाबतच. सायकलला जागा देऊ, झाडं लावू, फूटपाथ रुंद करू, पार्किंगला धक्का लावणार नाही: अशी आश्वासनं भाषणात सुखानं एकत्र नांदतात. 12 मीटरच्या रस्त्यात नांदत नाहीत.

आमच्या वस्तीतल्या रस्त्याचे ते 12 मीटर आम्ही मांडून पाहिले. आधी जसा आहे तसा. येण्याजाण्याच्या दोन मार्गिका 3-3 मीटर, दोन्ही कडांना पार्किंग 2.1-2.1. झाले 10.2. उरले 1.8, म्हणजे दोन्ही बाजूंना 90 सेंटिमीटरचा फूटपाथ. एक व्हीलचेअर जेमतेम जाईल एवढा. समोरून दुसरी आली तर कुणीतरी रस्त्यावर उतरायचं. हे सगळे रोज बघत होते, पण पडद्यावर तो 90 चा आकडा उमटला तेव्हा खोली गप्प झाली. सगळ्यांत आधी बोलले ते पार्किंगचे कट्टर समर्थक असलेले काका: ‘अहो, म्हणजे निम्म्या रस्त्यात आमच्या गाड्याच की!’ निम्म्या नाही, एक तृतीयांशाहून जरा जास्त. पण मी दुरुस्त केलं नाही.

मग माऊस त्यांच्याच हातात दिला. काकांनी प्रथम सायकल मार्गिका उचलून बाहेर फेकली, अपेक्षेप्रमाणे. मग पलीकडच्या ताईंनी ती परत आणली आणि बदल्यात एक गाडीची मार्गिका काढली. रस्ता एकेरी झाला. बऱ्याच ओढाताणीनंतर जे उरलं ते असं: 3.2 मीटरची एकेरी मार्गिका, उलट दिशेनं 1.5 मीटर सायकलला, एकाच बाजूला 2 मीटरची पट्टी जिच्यात पार्किंग आणि झाडं आलटूनपालटून, आणि दोन्हीकडे 2.65 मीटरचे फूटपाथ. बेरीज बरोबर 12. हा आराखडा आदर्श आहे असं मी म्हणत नाही. एकेरी केल्यानं शेजारच्या रस्त्यावर किती वाहनं ढकलली जातील हे एका छेदातून कळत नाही, त्यासाठी आजूबाजूच्या सगळ्या रस्त्यांचा विचार लागतो. पण या आराखड्यात कुणी काय सोडलं हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

साधन ताशी किती माणसं या रस्त्यावरून जाऊ शकतील याचाही अंदाज देतं. असे आकडे लोकांना धक्का देतात. अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची नॅक्टो म्हणून संघटना आहे. तिच्या हिशेबानं 10 फूट रुंदीच्या पट्ट्यातून मोटारींनी ताशी 600 ते 1600 माणसं जातात, बाजूला कठडा असलेल्या दुहेरी सायकल मार्गिकेतून 7500, तर फूटपाथवरून 9000. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस ‘काहीतरीच!’ म्हणतो. मग मोटारीत बहुधा एकच जण बसलेला असतो हे आठवतं.

तरीही या आकड्याच्या फार प्रेमात पडू नये. रस्ता म्हणजे नळ नव्हे की किती पाणी वाहिलं एवढंच मोजावं. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच दिसणाऱ्या रस्त्यांचा अभ्यास केला होता. एकावर दिवसाला साधारण 2000 वाहनं, दुसऱ्यावर 8000, तिसऱ्यावर 16,000. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी 3 मित्र होते. जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर एकही धड नाही, 0.9. ताशी क्षमतेच्या आकड्यात ही मैत्री कुठं बसवणार? कट्ट्यावर बसलेली आजी काही ‘जात’ नाही, त्यामुळे ती मोजली जात नाही.

आणखी एक मर्यादा पट्ट्यांचीच आहे. साधन पट्ट्यांत विचार करतं, म्हणून वापरणाराही पट्ट्यांत विचार करायला लागतो: इथं गाडी, इथं सायकल, इथं माणूस. नेदरलँड्समध्ये 1960 च्या दशकाच्या शेवटी डेल्फ्ट शहरात वोनर्फ नावाचा प्रकार सुरू झाला. निवासी रस्ता सगळ्यांचा एकत्र, फूटपाथ वेगळा नाही, मोटार आलीच तर चालण्याच्या वेगानं. 1976 साली तिथं त्याला कायद्याचं रूप मिळालं. म्हणजे पट्ट्याच नसलेला रस्ता. अरुंद गल्लीला अनेकदा हेच उत्तर असतं, पण तुकडे ओढून मांडणाऱ्याला ते सुचणं अवघड.

आता जमिनीखाली.

चित्रातलं झाड लावल्या दिवशीच मोठं असतं. पेटीतून उचललं, 1.2 मीटरच्या पट्टीत सोडलं, झाली सावली. माझ्यासारखीचं डोकं इथं ठणकायला लागतं. मोठ्या झाडाला नीट वाढायला साधारण 28 घनमीटर मोकळी माती लागते असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. 1.2 मीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर खोल चरात एका मीटर लांबीला मिळते जेमतेम 1.08 घनमीटर माती. म्हणजे एका झाडाला सलग 26 मीटर लांब चर हवा. आणि त्या चरात आधीच पाण्याची नळी, विजेची केबल, दूरध्वनीच्या तारा आणि कुणी कधी बांधलं माहीत नसलेलं एक चेंबर असतं. पडद्यावर दर पाच मीटरला गर्द झाड उभं करणाऱ्या समितीला हे सांगणारं त्या चित्रात काहीच नाही. उपाय नाहीत असं नाही. स्टॉकहोममध्ये फरसबंदीखाली मोठे दगड आणि बायोचार (झाडपाल्याचा कोळसा) भरून मुळांना हवा, पाणी आणि जागा करून देतात. पण असा खर्च छेदात दिसला तरच कुणी मागेल.

पाण्याचंही तेच. आमचाच 12 मीटरचा रस्ता 100 मीटर लांब धरला तर क्षेत्रफळ 1200 चौरस मीटर. त्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडला की 30 घनमीटर पाणी, म्हणजे 30,000 लिटर. छपरांचं पाणी धरलेलंच नाही. एका गाडीच्या जागेइतका, 2 बाय 5 मीटरचा खोलगट वाफा केला आणि त्यात 15 सेंटिमीटर पाणी साठू दिलं, तर मावतं 1.5 घनमीटर. सगळं पाणी असं धरायचं तर 20 वाफे हवेत, म्हणजे एका बाजूचं अख्खं पार्किंग. प्रत्यक्षात काही पाणी मातीत मुरतं म्हणून कमी वाफ्यांत भागतं; किती कमी, ते माती ठरवते. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 2003 साली एका निवासी रस्त्यावर पार्किंगच्या जागेत फूटपाथची कड पुढं आणून असेच वाफे केले आणि रस्त्याचं पाणी गटारात जाण्याआधी त्यांत वळवलं. कोपनहेगननं जुलै 2011 मधल्या ढगफुटीनंतर संपूर्ण शहरासाठी अतिवृष्टीचा आराखडा केला. तिथल्या टोसिंग्ये प्लाद्स चौकात पूर्वी डांबर होतं, आता पाणी मुरवणारी बाग आहे. हवामान बदलासाठी रस्ता बदलायचा म्हणतो तेव्हा त्याचा मोठा भाग हा असा, उताराचा आणि मुरण्याचा असतो. स्ट्रीटमिक्समध्ये झाडांची पट्टी टाकली की हिरवं दिसतं, पाणी कुठं गेलं ते दिसत नाही.

चौकाबद्दल थोडक्यात. छेदात चौक येत नाही, आणि सायकलवाल्याला मोठा धोका असतो तो वळणाऱ्या वाहनाचा, म्हणजे चौकातच. तेवढ्यासाठी जमिनीवर खडूनं आखा, शंकू ठेवा आणि एखादी मोठी गाडी वळवून बघा.

आता थोडी नाराजी, साधनाबद्दल नव्हे. एका सल्लागार संस्थेनं आमच्या सभेत हेच चित्र वापरलं, लोकांना सगळी संध्याकाळ तुकडे हलवू दिले, टाळ्या झाल्या. पुढं जो आराखडा आला त्यात आमच्या एकाही मांडणीचा मागमूस नव्हता. अहवालात मात्र ‘लोकसहभागातून’ असं ठळक अक्षरात होतं आणि सोबत माऊस धरलेल्या काकांचा फोटो. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी 1969 साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती: खालच्या पायरीवर लोकांना नुसतं खेळवणं, सगळ्यात वर लोकांच्या हाती निर्णय. पडद्यावर तुकडे हलवायला देणं ही मधली कुठलीतरी पायरी झाली. म्हणून सभा सुरू होण्याआधीच लेखी विचारा: रुंदी कुणी मोजली, यातलं काय बदलता येणार आहे, आणि आमची मांडणी नाकारली तर कारण कोण देणार. उत्तर टाळलं गेलं तर चित्र घरी बसून स्वतःच काढा, कारण साधन तर फुकटच आहे.

वापरताना दोनतीन गोष्टी सांभाळा. रुंदी टेपनं स्वतः मोजा, कागदावरची मानू नका. मधेच आलेला खांब, पायरी, विजेची डीपी पेटी यांची रुंदी वजा करा. रस्ता सगळ्यात अरुंद असेल तिथला छेद आधी मांडा. एकक मीटर आहे की फूट हे सुरुवातीलाच तपासा. चित्र प्रतिमा म्हणून उतरवून घेता येतं, ते मोठ्या कागदावर छापून पेनसकट टेबलावर ठेवा. पडद्यासमोर न येणाऱ्या बायका आणि मुलं कागदावर बिनधास्त रेघोट्या ओढतात, आणि कामाच्या सूचना बहुधा तिथूनच येतात.

पाचव्या ताऱ्यासाठी बनवणाऱ्यांकडे माझी मागणी छोटी आहे. छेद दीड मीटर खाली न्या. पावसाळी गटार, पाण्याची नळी, केबल आणि मुळं हेही तुकडेच समजा, त्यांनाही रुंदी आणि खोली द्या. झाड नळीवर ठेवलं की तेही लाल होऊ दे.