अग्रिपिनाच्या मानेवरचा ओरखडा

गेल्या दिवाळीच्या आधल्या आठवड्यात मी नऊशे युरो रोख मोजून एक रोमन चांदीचं नाणं घेतलं आणि ते खोटं निघालं. आठ महिने याबद्दल कुठे लिहायचा धीर झाला नाही. पण परवा त्याच साच्यातलं दुसरं नाणं वेगळ्याच माणसाकडे विक्रीला दिसलं, आणि मग गप्प बसणं मला जमेना. युरोपात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मराठी मंडळींना जुन्या नाण्यांचा नाद आहे, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मी मूळची साताऱ्याची. मामांकडे शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची शिवराई नाणी आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची पत्र्याची पेटी उघडली की आम्ही पोरं तिच्याभोवती गोळा व्हायचो. एकदा मी एक शिवराई चिंचेने घासून लख्ख केली होती, तेव्हा मामा रागावले नाहीत, पण दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. नाण्याची जपणूक म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता नऊ वर्षं जर्मनीत, कोलोनला आहे. या गावाचं नावच एका सम्राज्ञीमुळे पडलंय. धाकटी अग्रिपिना इसवी सन 15 मध्ये इथेच, ऱ्हाईनकाठच्या वस्तीत जन्मली. तिचे वडील जर्मॅनिकस तेव्हा ऱ्हाईनवरच्या फौजांचे सेनापती होते. पुढे तिने क्लॉडियस बादशहाशी, म्हणजे आपल्या सख्ख्या काकाशीच लग्न केलं आणि 50 साली जन्मगावाला रोमन वसाहतीचा दर्जा मिळवून दिला. गाव झालं कोलोनिया क्लॉडिया आरा अग्रिपिनेन्सियम. एवढ्या लांबलचक नावातलं ‘कोलोनिया’ तेवढं लोकांच्या तोंडी उरलं, त्याचंच कोलोन झालं. इथल्या कॅथेड्रलसमोरच्या चौकात रोमन वेशीची एक लहानशी कमान अजून उभी आहे. ऑफिसला जाताना मी रोज तिच्यासमोरून जाते.

तिथूनच मला रोमन राण्यांच्या नाण्यांचं वेड लागलं. नुसती बादशहांची नाणी गोळा करणारे पुष्कळ असतात. पण राण्यांच्या नाण्यांवर केसांच्या रचना बघाव्यात, चेहरे बघावेत. थोरली फॉस्टिना गेल्यावर अँटोनायनस पायस बादशहाने तिच्या नावाने इतकी नाणी पाडली की आजही ती सहज मिळतात. सिरियातल्या एमेसा गावच्या पुजारी घराण्यातली ज्युलिया डोम्ना केसांचा जड टोप मिरवते. सॅलोनिनाच्या खांद्याखाली चंद्रकोर असते. आणि अग्रिपिनाच्या नाण्यांत तर सगळी कहाणीच उतरली आहे. 54 साली तिचा मुलगा नीरो गादीवर आला तेव्हा नाण्यावर मायलेक समोरासमोर आहेत आणि दर्शनी बाजूचा लेख आईचा आहे. पुढच्या वर्षीच्या नाण्यावर पुढे मुलगा, त्याच्या आडून आई डोकावते, आणि दर्शनी लेख मुलाचा. त्यानंतर मुलाच्या रोमन शाही सोन्याचांदीच्या नाण्यांवर ती दिसतच नाही. 59 मध्ये मुलानेच तिला मारवलं.

मला हवं होतं ते त्याआधीचं: एका बाजूला क्लॉडियस, दुसऱ्या बाजूला अग्रिपिना, डोक्यावर कणसांचा मुकुट, मानेवर रुळणारी वेणी आणि भोवती ‘आग्रिपिने ऑगुस्टे’ हा लेख. चांदीचा दिनार. बऱ्या अवस्थेतला असेल तर लिलावात हजार युरोच्या पुढे जातो. मी दोन वर्षं पैसे साठवत होते.

नाणी विकणारा तो गृहस्थ मला एका नाणे-मेळाव्यात भेटला. सत्तरीचा, अत्यंत मृदू बोलणारा. दुकान नाही, वडिलांचा संग्रह हळूहळू मोडतोय असं त्याने सांगितलं. मी भारतातली म्हटल्यावर त्याने स्वतःहून रोमन व्यापाराचा विषय काढला. मीही भरभरून बोलले, कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या ब्राँझ मूर्तीबद्दल सांगितलं. त्याने सगळं मन लावून ऐकून घेतलं.

आता नीट लक्ष द्या, कारण फसवणूक इथून सुरू झाली आणि इथे खोटं काहीच नव्हतं. सहा महिन्यांत मी त्याच्याकडून तीन नाणी घेतली: सॅलोनिना तीस युरोला, ज्युलिया डोम्ना साठला, मोराच्या चित्राची फॉस्टिना सत्तरला. भाव रास्त होते आणि तिन्ही नाणी अस्सल. नंतर मी ती तपासून घेतली, तेव्हाही अस्सलच ठरली. या तीन नाण्यांनी त्याने माझा विश्वास विकत घेतला. चौथ्या वेळी मी वजनकाटा घरीच ठेवून गेले.

व्यवहार त्याच्या घरी झाला. संध्याकाळ, कॉफी, घरचा केक, टेबलावर एकच पिवळट दिवा. मखमलीच्या कप्प्यातून त्याने ते नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. दोन वर्षं फोटोत पाहिलेला चेहरा हातात होता, डोळ्यांत पाणी आलं. ‘ऑगुस्टे’मधलं शेवटचं अक्षर चकतीच्या बाहेर गेलेलं, मानेवर एक तिरका ओरखडा. तो म्हणाला, “तुमच्या गावची बाई आहे, तुमच्याकडेच जायला हवी. पण शनिवारी एक जण बघायला येणार आहे.” सोबत नाण्याखाली ठेवायची एक गोल, जुनाट पुठ्ठ्याची चिठ्ठी दिली, तपकिरी शाईत जुन्या जर्मन वळणाचं लिखाण असलेली. म्हणाला, वडिलांच्या हातची आहे, 1930च्या दशकातली. मला त्यातला ‘अग्रिपिना’ हा एकच शब्द लागला. आणि एक छापील प्रमाणपत्र, त्यावर त्याचीच सही. मी पैसे मोजले. पावती मागितली नाही. एवढ्या चांगल्या माणसाकडे पावती कशी मागायची असं मला वाटलं.

घरी आल्यावर एक गोष्ट खटकली होती आणि मी ती मनातून काढून टाकली. चिठ्ठी नाण्याच्या मानाने फार मोठी होती. दिनार जेमतेम अठरा-एकोणीस मिलिमीटरचा, चिठ्ठी जवळजवळ दुप्पट. ज्या कप्प्यात ती बसेल त्यात दिनार इकडून तिकडे हिंडला असता.

नाताळच्या सुट्टीत शेजारच्या आजी चहाला आल्या होत्या. वय नव्वदीच्या पुढे. ते जुनं वळण शाळांमधून 1941 मध्ये बंद झालं, पण आजी पहिलीत असताना तेच शिकल्या होत्या. मी कौतुकाने चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि बोट ठेवून वाचलं: “अग्रिपिना, थोरली. सेस्टर्स. गाडी, दोन खेचरं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चांदीचं काही लिहिलेलं नाही गं इथे.”

थोरली अग्रिपिना म्हणजे हिची आई. तिच्या स्मरणार्थ तिच्या मुलाने, कॅलिग्युला बादशहाने, मोठी पितळी नाणी पाडली, त्यांच्या एका बाजूला दोन खेचरांनी ओढलेली गाडी आहे. या मोठ्या पितळी नाण्यालाच सेस्टर्स म्हणतात, तो चांगला पस्तीस मिलिमीटरच्या आसपास असतो. चिठ्ठी खरी जुनी होती, पण दुसऱ्याच नाण्याची. कुठल्या तरी मोडलेल्या संग्रहातली रिकामी चिठ्ठी उचलून माझ्या नाण्याला चिकटवली होती.

त्या रात्री मी जुन्या लिलावांच्या छायाचित्रांचे संग्रह चाळायला बसले. पहाटे तीनच्या सुमारास सापडलं. दहा वर्षांपूर्वी विकला गेलेला क्लॉडियस-अग्रिपिनाचा दिनार. त्याच ठिकाणी शेवटचं अक्षर बाहेर गेलेलं, चकतीचा तोच किंचित लांबट आकार, कणसाच्या वर कडेला तीच बारीक चीर आणि मानेवर तोच ओरखडा.

रोमन नाणी हाताने पाडली जायची. तापवलेली चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. एकाच ठशाची हजारो नाणी निघतात, त्यामुळे चेहरा आणि अक्षरं जुळली तर त्यात गैर काही नाही. पण प्रत्येक चकती वेगळी, प्रत्येक घाव थोडा सरकलेला, आणि ओरखडा तर शेकडो वर्षांत केव्हातरी पडलेला. दोन नाण्यांचा ओरखडा, चीर आणि सरकलेपण हे सगळं सारखं असेल, तर त्यातलं निदान एक तरी दुसऱ्यावरून साचा काढून ओतलेलं असतं. दोन्हीही एकाच तिसऱ्याची पिल्लं असू शकतात.

मामांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ झाली होती. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “अगं, कड बघितलीस का? ओतीव शिवराईची कड कानशीने घासलेली असते. साच्याची रेघ लपवायला.” मी दहापट भिंगाखाली कड धरली. अर्ध्या कडेवर समांतर बारीक रेघा होत्या.

दुसऱ्या दिवशी एका व्यावसायिक नाणे-विक्रेत्याकडे गेले. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मला बोलावून दाखवलं, त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. ठशाच्या नाण्यात धातू दाबाने बाहेरच्या बाजूला सरकतो, अक्षरांच्या पायाशी त्याच्या बारीक वाहत्या रेषा दिसतात. माझ्या नाण्यात त्या नव्हत्या. मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे होते, ओतताना अडकलेल्या हवेचे. आणि ओरखडा! खरा ओरखडा धातू कापत जातो, त्याचा तळ धारदार असतो, काठ उचललेले असतात. माझ्या अग्रिपिनाच्या मानेवरच्या ओरखड्याचा तळ मऊ, गोलसर होता. त्या नाण्याला कधी कुणी ओरखडलंच नव्हतं. दुसऱ्या नाण्याची जखम साच्यातून हिच्यावर आली होती. वजन भरलं 3.31 ग्रॅम, लिलावातल्या नाण्याचं होतं 3.58.

धातू मात्र चांदीच होता. त्यामुळे घनतेच्या चाचणीवर विसंबू नका. आणि वाजवून बघण्याची आपली पद्धत इथे वापरू नका, हे कळकळीने सांगते. दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते. अस्सल दिनार बद्द वाजू शकतो आणि फरशीवर टाकला तर दोन तुकडेही होऊ शकतात.

त्या गृहस्थाला फोन केला. आवाज तसाच मृदू. “वडिलांकडून आलं तसं दिलं. तुम्ही पाहूनच घेतलंत ना?” पैसे परत द्यायला नकार. नंतर फोन उचलणं बंद. इथल्या कायद्यात विकणाऱ्याने जाणूनबुजून दोष लपवला असेल तर ‘पाहून घेतलं, परत नाही’ ही अट टिकत नाही, आणि फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत व्यवहार रद्द करता येतो. पण त्याला माहीत होतं हे सिद्ध कोण करणार? आमचं सगळं बोलणं फोनवर किंवा समोरासमोर झालेलं. पैसे रोख. पावती नाही. पोलिसांत तक्रार दिली, चार महिन्यांनी पत्र आलं की हेतू सिद्ध होत नसल्याने प्रकरण बंद केलं आहे. पावतीवर त्याने ‘अस्सल रोमन दिनार, क्लॉडियस आणि धाकटी अग्रिपिना’ एवढे शब्द लिहून सही केली असती आणि पैसे बँकेतून गेले असते, तर आज माझ्या हातात काहीतरी असतं. प्रमाणपत्राचं म्हणाल तर त्यावर नाण्याचा फोटो नव्हता, वजन नव्हतं. तो कागद कुठल्याही नाण्याला लावता आला असता.

आता मी नाणं घेण्याआधी फोटो मागवते, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे, वजनासकट. मग जुन्या लिलावांत त्याचं जुळं शोधते. एक संध्याकाळ जाते. कुणी “शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय” म्हणालं, तर ते नाणं त्या गिऱ्हाइकालाच जाऊ देते. आणि दुर्मीळ राण्यांची नाणी फक्त अस्सलपणाची लेखी, मुदत नसलेली हमी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घेते, भाव थोडा जास्त पडला तरी. 193 साली डिडियस ज्युलियानस जेमतेम दोन महिने बादशहा होता. त्याची बायको मॅनलिया स्कँटिला आणि मुलगी डिडिया क्लारा यांची नाणी तेवढ्याच काळात निघाली. ती कुणी घरच्या टेबलावर केकबरोबर पुढे केली, तर आधी उठून उभ्या राहा.

परवा दिसलेल्या नाण्याच्या विक्रेत्याला मी दोन्ही फोटो पाठवले. त्याने उत्तर दिलं नाही, पण संध्याकाळी नाणं यादीतून निघालं. ते कुठेतरी पुन्हा येईल. म्हणून त्याचं वर्णन देते: अग्रिपिनाच्या बाजूला शेवटचं अक्षर पूर्ण बाहेर, कडेला, मुकुटाच्या कणसाच्या बरोबर वर, दोन मिलिमीटरची चीर, ओरखडा कानाच्या पाळीखालून निघून वेणीला छेदत खांद्याच्या वस्त्रापर्यंत जातो, क्लॉडियसच्या बाजूला हनुवटीसमोर लागून लागून तीन गोल खड्डे, मधला मोठा. वजन 3.3 ग्रॅमच्या आसपास. तुमच्याकडे आधीच असेल, तर ओरखड्याचा तळ भिंगाखाली बघा आणि मला फोटो पाठवा.