दोनशे लिटरचा सोलर, साडेआठ बादल्या

आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता. आजेसासूबाईंनी घेतलेला, चांगला अकरा किलोचा. करवंट्या, बुरकुंडं, बाभळीची फाटी, जे पोटात जाईल त्यावर पाणी कढत करायचा. पण सासूबाईंचा दमा वाढला, डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून बजावलं, आणि बंबाला पर्याय शोधणं आलं.

गॅस गिझर मीच नको म्हटलं. न्हाणीला वीतभर झरोका. कोंदट जागेत गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध होतो. विजेचा २५ लिटरचा गिझर घरातल्या सहा जणांना पुरायचा नाही, आणि बारामतीकडच्या आमच्या वाडीत सकाळची लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा सोलर. इथपर्यंत आमचं बरोबर होतं.

२०२४ चा मार्च होता. पंतप्रधान सूर्यघर योजना नुकतीच जाहीर झालेली, जिकडेतिकडे सबसिडीच्या गप्पा. तेवढ्यात एक जण फाईल घेऊन दारात आला. बोलायला गोड. सासूबाईंना मावशी, मला ताई. "ताई, २०० लिटरचा सोलर, ३२ हजार. त्यातले १२ हजार सबसिडीचे तुमच्या खात्यात येणार. म्हणजे पडला किती? वीस." आधार आणि वीजबिलाची झेरॉक्स घेऊन गेला. मी शिकलेली बाई, मोबाइल हातात असतो, पण एकदा उघडून बघितलं नाही. सूर्यघर योजना वीज तयार करणाऱ्या पॅनेलची आहे. ३ किलोवॉटला ७८ हजार मिळतात ते त्याचे. पाणी तापवायच्या सोलरवरची केंद्राची सबसिडी २०१४ मध्येच बंद झाली. योजना खरी होती, फक्त आमच्या वस्तूची नव्हती.

जाता जाता त्याची नजर बंबावर गेली. "हे जुनं घ्यायला आता कोण येतंय? एक्स्चेंजमध्ये पंधराशे धरतो." धरले. तीन महिन्यांनी लग्नाची भांडी घ्यायला गेले तेव्हा सहज विचारलं, तर दुकानदार म्हणाला तांब्याच्या मोडीला किलोला साडेसहाशे. अकरा किलोचे सात हजारांवर होतात. घरी कुणाला सांगितलं नाही मी बरेच दिवस.

सोलर बसला. वर टाकी, तिला खाली जोडलेल्या काचेच्या नळ्या, त्यांत पाणी उन्हाने तापतं. उन्हाळ्यात तक्रार नव्हती, उन्हाळ्यात काय, गच्चीवरच्या साध्या टाकीतलं पाणीही तापतं. दिवाळीनंतर खेळ सुरू झाला. तिसऱ्या माणसाला कोमट, चौथ्याला गार. फोन केला की "थंडी जास्त आहे ताई", नाहीतर "नळ्यांवर धूळ बसली असेल, पुसून घ्या". पुसल्या. दोनदा.

शेवटी प्लंबरचं काम करणारा माझा भाचा आला. नळ्या मोजल्या, पंधरा भरल्या. म्हणाला, "मावशी, या जाड ५८ एमएमच्या नळ्या असल्या तरी २०० लिटरला एकोणीस-वीस तरी लागतात. तुला कितीची विकली?" त्या संध्याकाळी आम्ही गार पाण्याचा कॉक बंद केला, टाकीच्या तळाच्या ड्रेनला पाइप लावला आणि १५ लिटरची बादली खाली धरली. मी गच्चीच्या कठड्यावर कोळशाने रेघा मारत होते. आठ रेघा झाल्या, नववी बादली अर्धी झाली आणि धार संपली. म्हणजे १२७-१२८ लिटर. (हे उन्हात करू नका. तापलेल्या नळीत गार पाणी पडलं की ती तडकते.)

मग बाकीचं पाणी? ते नळ्यांत. एका नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास मावतं, पंधरा नळ्यांचं चाळीस. ते पाणी नळाला कधीच येत नाही, पण हे लोक ते लिटरमध्ये धरतात. तेही धरलं तरी १७० होत नाहीत. १५० च्या सोलरवर २०० चा स्टिकर लावून दिला होता.

त्यानंतर भाच्याने एक नळी काढली. तळाशी पांढऱ्या खड्यांचा चार बोटं थर, नळी हलवली की खुळखुळ्यासारखा वाजे. आमचं बोअरचं पाणी खारं. कुकरमध्येसुद्धा थर बसतो, मग हे मला सुचायला नको होतं? भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेतून नंतर तपासून आणलं, कठीणपणा लिटरला ७२० मिलिग्रॅम. पिण्याला दुसरा स्रोत नसेल तरच ६०० पर्यंत चालतं.

एक गोष्ट मात्र त्या माणसाच्या बाजूने सांगायला हवी. तांब्याच्या नळ्यांचं सपाट पॅनेल घेऊ नका, काचेच्या नळ्यांचा घ्या, हे तो म्हणाला होता ते अशा पाण्याला बरोबरच आहे. काचेची नळी काढून धुता येते, पॅनेलमधली बारीक तांब्याची नळी चोंदली की कठीण. खोटं होतं ते टाकीबद्दल. "आतून ३०४ स्टील, गंज नावाला नाही." भाच्याने दोऱ्याला छोटा लोहचुंबक बांधला आणि नळी काढलेल्या भोकातून टाकीत सोडला. तो पत्र्याला टचकन चिकटला. ३०४ म्हणजे न गंजणाऱ्या स्टीलची एक जात, तिला वेल्डिंगजवळ चुंबक किंचित ओढतो, पण सपाट पत्र्याला असा धरत नाही. जानेवारीत टाकीच्या पोटाखालून पिवळं पाणी ठिबकू लागलं. आत पफ, म्हणजे पाणी गरम ठेवणारा फोमचा थर, भिजून फुगलेला. आणि वॉरंटी कार्डाच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं : खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान वगळून.

पक्कं बिल नव्हतं. "बिल घेतलं तर जीएसटी पडेल ताई" असं म्हणून वहीच्या कागदावर "सोलर २०० ली." एवढं लिहून दिलं होतं. तोच कागद कामाला आला. त्यावर त्याचं अक्षर होतं, आणि ३२ पैकी २० हजार यूपीआयने त्याच्या नावावर गेलेले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवली, सोबत बादल्यांचे फोटो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलच हवा असंही नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. हे नोटिशीत लिहिल्यावर आठवड्यात फोन आला. घासाघीस होऊन १४ हजार परत मिळाले. आयोगापर्यंत गेले असते तर जास्त मिळाले असते का, हा विचार अजून येतो, पण सासूबाईंची तब्येत आणि तारखा, दोन्ही जमलं नसतं.

दुसरा सोलर घेताना पाण्याचा रिपोर्ट दुकानदारापुढे ठेवला. आतून इनॅमलचा थर दिलेली टाकी घेतली, आत मॅग्नेशियमची कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते, म्हणून दरवर्षी काढून बघायची. (इनॅमलच्या टाकीला चुंबक चिकटणारच, ती मुळात लोखंडीच असते. तिथे घाबरू नका.) टाकीत किती आणि नळ्यांत किती, हे बिलावर वेगवेगळं लिहून घेतलं. दुकानदाराने कपाळाला आठी घातली, पण लिहिलं.

बंबाचं त्या पहिल्या सोलरवाल्याला फोनवर विचारलं होतं. पैसे राहू दे, बंब तेवढा परत दे म्हटलं. म्हणाला, "तो त्याच आठवड्यात मोडीत गेला ताई."